एकच टोल

माझे सासरे ठार बहिरे होते आणि देवळाची घंटा त्यांच्या हातात होती. आज हे मी बिनधास्त सांगतेय, पण कितीतरी वर्षं ही गोष्ट आमच्या घराबाहेर गेली नव्हती. घर म्हणजे दोन खोल्या, मधे पडदा, खाली कुलपं-किल्ल्या करणाऱ्याचं दुकान. आम्ही शिंकलो तरी खालून तो ओरडायचा, "सर्दी झाली का हो?" अशा घरात गुपित टिकवायचं म्हणजे खायचं काम नाही. पण टिकवलं. तेही मी टिकवलं, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमचे हे सगळ्यांना सांगत फिरायचे.

मामंजी डबे बनवायच्या कारखान्यात होते. पत्र्यावर दिवसभर प्रेस आपटायचा, धाडधाड, धाडधाड, आणि त्यातच त्यांचे कान गेले. निवृत्त झाले तेव्हा डाव्या कानात थोडी धुगधुगी होती, पुढे तीही विझली. कानात घालायचं यंत्र आणून झालं. त्यातून म्हणे माणसांचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू यायचं: पंखा, नळ, स्वतःचं चावणं. थोडे दिवस घातलं आणि ठेवून दिलं. घरात आमचं त्यावाचून चालत होतं. त्यांना हाक मारायची असली की मी खोलीतला दिवा बंद करून परत लावायची. तोंड समोर धरून सावकाश बोललं की त्यांना ओठांवरून कळायचं. भांडायचं असलं तर मात्र पंचाईत. समोर जाऊन, डोळ्यांत डोळे घालून, एकेक शब्द सुटा करून भांडायचं, आणि तसं भांडता भांडता हसूच यायला लागतं. माझ्यासारखीला ही जन्मठेपच होती.

देऊळ आमच्या गल्लीच्या टोकाला. एका अंगाला टायरचं दुकान, दुसऱ्या अंगाला दाताचा दवाखाना, त्यामुळे कळस दिसला नाही तर देऊळ आहे हे कळायचंही नाही. गाभाऱ्यात देवीची काळ्या दगडाची हातभर मूर्ती. बाहेर मोठा सभामंडप, जाडजूड खांब, पायाला थंडगार लागणारी फरशी. दारावर एक पाटी होती: 'या. बसा. आपलं आपल्या शब्दांत बोला.' बस्स, एवढंच. तू कोण, कुठला, कुणाला मानतोस, हे आत कुणी विचारायचं नाही. पूजा हिंदू पद्धतीची, आरती देवीची, पण त्यानंतर मंडपात बसून ज्याने त्याने आपापल्या देवाशी बोलावं, असं देऊळ बांधणाऱ्यांनीच सांगून ठेवलेलं.

लग्न होऊन आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, पाटीवर लिहायला काय जातंय, जिभेला काय हाड? मग एका संध्याकाळी मामंजींचा चष्मा घरी राहिला म्हणून द्यायला गेले, आणि दारातच खिळून राहिले.

आरती झाली होती. दिवे मंद केलेले. मंडपात एवढी माणसं, आणि चिटपाखरू नसावं तशी शांतता. कुणी हात जोडलेले, कुणी तळवे उघडे धरलेले, कुणी गुडघ्यांवर, कुणी मांडी घालून ताठ. आणि तिथला नेम असा, की शेवटच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. शेवटच्याचं संपलं की घंटेचा एकच टोल, मग सगळ्यांनी मिळून उठायचं. कुणाचं चुटकीसरशी होतं, कुणाचं होता होत नाही. ज्याचं झालं त्याने दुसऱ्याचं व्हायची वाट बघत बसायचं. नवऱ्याची पाच मिनिटं वाट बघायची तर माझा जीव वर येतो. आणि इथे ओळख ना पाळख, अशा कुणासाठी तरी सगळा मंडप बसून होता, कुणाच्या कपाळावर आठी नाही. माझ्या अंगावर काटा आला. चष्मा हातात घेऊन मीही बसले.

आता शेवटच्याचं संपलं हे ठरवायचं कुणी? ते काम मामंजींचं. घंटा मंडपाच्या मधोमध टांगलेली, तिची दोरी बाजूच्या खांबापर्यंत आलेली, आणि दोरीपाशी मामंजी उभे. कान गेल्यावर त्यांनी हे काम सोडलं नाही, कारण ते मुळात कानांनी करतच नव्हते. ते माणसं बघायचे. मला घरी सांगायचे, अगदी रंगात येऊन. घड्याळं दुरुस्त करणारे चाचा तळवे पुढे धरून बसतात, ते तळवे चेहऱ्यावरून फिरले की त्यांचं झालं. ट्रकवाले सरदारजी शेवटी एकदा कपाळ खाली टेकवतात. वाचनालयात काम करणारी बौद्ध मुलगी असा मोठा श्वास सोडते की तिचे खांदे वीतभर खाली येतात. शेजारचा दातांचा डॉक्टर आपण कुठलाच देव मानत नाही म्हणून छातीठोक सांगायचा आणि रोज यायचा. त्याचं झालं की तो एकच डोळा उघडून आजूबाजूला बघायचा.

"आणि सगळ्यात जास्त वेळ तोच घेतो," मामंजी म्हणायचे.

"देव मानत नाही तर एवढा वेळ कुणाशी बोलतो?" मी विचारलं.

"ते माझं काम नाही. बोलणं संपलं का, एवढंच माझं काम."

एकदा मी त्यांना म्हटलं, मामंजी, सांगून टाका की लोकांना. बहिरं असणं म्हणजे काही चोरी नाही. तर म्हणाले, "कारखान्यातून घरी बसवलं तेव्हा मी कुणाच्याच कामाचा नव्हतो. तुझी सासू गेली, तेव्हा तर मी घरातली एक खुर्ची होतो. ती दोरी हातात आली आणि मी परत माणूस झालो. ती गेली तर मला कुठे ठेवशील?" मी गप्प बसले. मी गप्प बसले हे ऐकून आमच्या ह्यांनी मला ताप आहे का बघितलं होतं.

मग तो दिवस आला.

त्या संध्याकाळी बाहेर वारा सुटला होता, धुळीचे लोट उठत होते, आणि रस्त्यावरची माणसंसुद्धा आत येऊन बसली होती. मंडप गच्च. मी कपडे लहान-मोठे करून द्यायचं काम करते, त्यामुळे गाभाऱ्याचा नवा पडदा मीच शिवला होता आणि तो लावायला गाभाऱ्याच्या बाजूच्या दारात उभी होते. तिथून मला सगळा मंडप दिसत होता. मामंजींना दिसत नव्हता तो कोपराही.

त्या कोपऱ्यात, अगदी शेवटच्या खांबाआड, बेकरीवाल्या आजी बसल्या होत्या. ख्रिस्ती बाई, नवऱ्यामागे बेकरी एकटीने चालवलेली. एरवी पुढे, भिंतीला टेकून बसायच्या, हातात जपमाळ. त्या दिवशी उशिरा आल्या, त्याही थेट हॉस्पिटलातून. त्यांचा एकुलता नातू मोटारसायकलवरून डोक्यावर पडला होता आणि त्याच वेळी तिकडे त्याचं ऑपरेशन चाललं होतं. पुढे जागा नाही म्हणून मागेच गुडघ्यांवर बसल्या.

शांतता झाली. हळूहळू एकेकाचं संपत आलं. आजींचं पुटपुटणं आधी बारीक ऐकू येत होतं, मग मोठं झालं, मग त्यात हुंदके यायला लागले. अख्ख्या मंडपाला ऐकू येत होतं. कुणी हललं नाही. चाचांचे तळवे चेहऱ्यावरून फिरवून झाले होते, तेही मान खाली घालून बसून राहिले. सगळे त्यांच्यासाठीच थांबले होते.

आणि मी बघितलं, मामंजींची नजर मंडपावरून फिरतेय. चाचा झाले. सरदारजी झाले. डॉक्टरांनी डोळा उघडला. नजर शेवटच्या खांबापर्यंत गेली आणि परत आली. त्यांचा हात दोरीवर गेला.

ओरडू काय? पण ओरडून ऐकणार कोण! हातातला पडदा टाकला आणि मी धावले. कुणाच्या मांडीवर पाय पडला, कुणाची पिशवी लवंडली, कुणीतरी "अहो बाई!" म्हणालं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते तेव्हा त्यांनी दोरी ओढली.

तो टोल मला अजून आठवतो. त्या रडण्याच्या बरोबर मधे पडला.

कुणीच उठलं नाही. खांबाआडून आजी बाहेर आल्या, खांबाला धरून. "माझं व्हायचंय अजून!" त्या म्हणाल्या. "पोरगं तिकडे टेबलावर आहे माझं. अर्धंच सांगून झालं होतं. अर्धंच! कशाला वाजवली घंटा?"

टोल दिल्यावर मामंजी रोज लोकांकडे बघून हसायचे. झालं ना सगळ्यांचं, या आता, असं ते हसणं. सवयीने ते त्याही दिवशी हसले. रडणाऱ्या बाईकडे तोंड करून हसले. देवाशपथ सांगते, त्या हसण्याने मला जे झालं ते शत्रूलाही होऊ नये. सगळा मंडप त्यांच्याकडे बघत होता आणि त्यांना कळत नव्हतं की माणसं का उठत नाहीत.

देवळाचा कारभार मोठ्या बाई बघायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, कडक, पण आतून न्यायाच्या. त्या मामंजींच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "काका, तुम्हाला रडणं ऐकू आलं नाही?" मामंजींनी वळूनही बघितलं नाही. बाईंनी परत विचारलं, मोठ्याने. मामंजी समोरच बघत होते. मंडपात एकाला कळलं, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांना. शेवटी मामंजींनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

"मला ऐकू येत नाही, बाई," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळे ते पार रस्त्यापर्यंत गेलं असेल. "कधीपासूनच येत नाही."

दोरी त्यांनी खुंटीला अडकवली, आजींसमोर जाऊन हात जोडले, आणि घरी आले.

त्यानंतर ते खिडकीपाशी बसून राहायचे. मी समजावलं, दटावलं, ताट आपटलं. ताट आपटून काय उपयोग हे मला नंतर सुचलं. एकदाच बोलले. "प्रेसवर चूक झाली तर आपलं बोट जायचं. ही चूक दुसऱ्याची झाली गं. एक बाई देवाशी बोलत होती आणि मी मधे दार लावलं."

इकडे मोठ्या बाईंनी विजेची घंटा आणली. शांततेची वेळ ठरवून दिली. ती भरली की भिंतीवरची पेटी आपली आपण वाजणार. मी तणतणत गेले त्यांच्याकडे. म्हटलं, बाई, एका चुकीसाठी माणूस उचलून फेकता? इतकी वर्षं त्यांनी कुणाचं तोडलं होतं का, विचारा की लोकांना!

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला त्यांची किंमत कळत नाही असं वाटतं का तुला? पण उद्या त्या खांबामागे परत कुणी बसलं तर?"

उत्तर नसलं की मी जास्त मोठ्याने बोलते, म्हणून तिथून निघाले.

पेटी वेळेवर वाजायची, त्यात खोट नव्हती. पण मंडपाची रयाच गेली. ज्यांचं झालेलं नसायचं तेही उठायचे, चप्पल शोधल्यासारखं तोंड करून. डॉक्टर तर यायचेच बंद झाले. चाचा एकदा खाली किल्लीवाल्याकडे आले होते, मला जिन्यात बघून म्हणाले, "पोरी, घड्याळं मी दिवसभर बघतो. तिथे घड्याळ बघायला जात नव्हतो."

आणि एका सकाळी दारात बेकरीवाल्या आजी. हातात गरम पावाची पिशवी. माझं तर पाणी पाणी झालं. मामंजी खुर्चीतून उठून उभेच राहिले.

आजी समोर बसल्या आणि कुणी न सांगता सावकाश, तोंड नीट दिसेल असं बोलायला लागल्या. बेकरीत यंत्राच्या आवाजात बोलायची सवय असावी. "पोरगं वाचलं, भाऊ. डोळे उघडलेत. ओळखतं. पण बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल बोलणं, नाहीही येणार."

मामंजींनी नुसती मान हलवली.

"त्या दिवशी मी तुम्हाला फार शिव्या दिल्या मनात."

"द्यायलाच हव्या होत्या, ताई."

"दिल्या ना. झालं ते. आता माझं अर्धं राहिलंय ते मला पुरं सांगायचंय, आणि त्या पेटीखाली ते होत नाही. आता वाजेल, आता वाजेल, असं करत मी भराभरा सांगते. देव काय बसस्टॉपवर उभा आहे?" त्यांचे डोळे भरले होते आणि हसतही होत्या. "तुम्ही या. तुम्ही बघता तरी. पेटी बघत नाही."

मामंजी म्हणाले, "खांबामागचं मला दिसत नाही, ताई."

"मी पुढे बसेन."

"तुम्ही बसाल. उद्या दुसरं कुणी मागे बसेल, त्याचं मी तोडायचं का? नाही. माझ्याच्याने परत ते पाप होणार नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्यांचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. आजींनी पिशवी टेबलावर ठेवली, "बघते मी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दोन-तीन दिवसांनी मोठ्या बाईंचा निरोप आला. संध्याकाळी काकांना घेऊन या. मामंजी म्हणाले, बसायला येईन, दोरीला हात लावणार नाही. मी म्हटलं, नका लावू, चला तर खरं. नवा सदरा घालायला लावला.

मंडप भरलेला होता. डॉक्टरही आले होते. आरती झाली, दिवे मंद झाले, आणि मोठ्या बाई भिंतीपाशी गेल्या आणि पेटीची पिन त्यांनी आपल्या हाताने काढली. मग मामंजींपाशी आल्या, त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, खांबापाशी नेलं आणि दोरी त्यांच्या मुठीत दिली. मामंजी नको नको म्हणत होते. बाई त्यांच्या समोर उभ्या राहिल्या, ओठ दिसतील अशा, आणि म्हणाल्या, "काका, फक्त बघा."

मलाही काही ठाऊक नव्हतं. मी पहिल्या खांबाला टेकून बसले होते, जीव मुठीत धरून.

बराच वेळ काही झालं नाही. मग चाचांचे तळवे चेहऱ्यावरून फिरले, आणि फिरल्यावर त्यांनी उजवा हात वर केला. सरळ वर, शाळेत मुलं करतात तसा, आणि तो तसाच ठेवला. पलीकडे सरदारजींनी कपाळ टेकवलं, सरळ झाले, हात वर केला. वाचनालयातल्या मुलीचा हात गेला. मग भराभर इकडून, तिकडून. खांबांच्या आड बसलेल्यांनी हात वर न करता बाजूला काढले, खांबाबाहेर, दिसतील असे. एकेका खांबातून हात बाहेर येत होते. म्हाताऱ्या माणसांचे, बांगड्यांचे, ग्रीस लागलेले, मेंदी लावलेले. ज्याचा वर गेला तो हात खाली घेत नव्हता. मी आयुष्यात काही बघितलं असेल तर ते हे बघितलं. देवीकडे कुणाचं तोंड होतं, कुणाचं नव्हतं, पण हात सगळ्यांचे त्या बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी वर होते.

मामंजी बघत होते. त्यांची नजर चुकत नव्हती. ती एकेका हातावर जात होती.

डॉक्टरांनी नेहमीसारखा एक डोळा उघडला आणि हात वर केला. आता शेवटचा खांब राहिला होता. आजी आजही मुद्दाम त्याच्यामागेच जाऊन बसल्या होत्या. आज रडणं नव्हतं, आवाजच नव्हता. लोकांचे हात अवघडले होते. सरदारजींनी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात कोपराला धरून ठेवला होता. कुणी खाली घेतला नाही. आणि मग त्या खांबाआडून जपमाळ गुंडाळलेला हात बाहेर आला.

मामंजींनी दोरी घट्ट धरली. आता ओढणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "काका," त्या म्हणाल्या, "तुमचं झालं का?"

त्यांना ओठ वाचता आले, पण अर्थ लागला नाही. "काय माझं?"

"तुमचं बोलणं. देवीशी."

आणि माझ्या एकदम लक्षात आलं. हा माणूस इतकी वर्षं रोज देवळात उभा होता, आणि सगळ्यांकडे डोळे लावून होता. त्याने स्वतः डोळे मिटायचे कधी? शेवटच्या माणसासाठी सगळे थांबतात हा तिथला नेम होता, आणि शेवटचा माणूस रोज हाच होता. त्याच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. त्यालाही ते सुचलं नव्हतं. घरात राहून मलाही नाही.

मामंजींनी मंडपाकडे बघितलं. सगळे हात वरच होते. कुणीही खाली घेत नव्हतं. माझाही हात कधी वर गेला होता, मला कळलं नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले. बहिऱ्याने डोळे मिटले म्हणजे त्याला जगातलं काहीच उरत नाही, हाक नाही, खूण नाही. आणि ते बोलायला लागले. त्यांना वाटत होतं, मनातल्या मनात बोलतोय. पण त्यांचा आवाज त्यांना कुठे कळत होता? मंडपात शेवटपर्यंत एकेक शब्द ऐकू जात होता.

"आई," ते म्हणाले, "त्या ताईंचं मी अर्ध्यात तोडलं. त्यांच्या देवापर्यंत तेवढंच पोचलं असेल. उरलेलं माझ्याकडून घे आणि पोचव. पोरगं बोलू दे. माझे कान राहू देत असेच, मला सवय आहे. त्याला बोलू दे."

शेवटच्या खांबाआडून हुंदका आला. सगळ्यांनी ऐकला. त्यांना ऐकू आला नाही. ते अजून काहीतरी पुटपुटले, माझं नाव होतं त्यात, आमच्या ह्यांचं होतं, सासूबाईंचं होतं. घाई नव्हती त्यांना. माझ्या गालांवरून धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एक वर होता आणि दुसऱ्याने मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात वर धरून ठेवला होता.

मग मामंजींनी आपला डावा हात वर केला. डोळे उघडले, आधी सगळ्या मंडपावरून एकदा नजर फिरवली, पुढून मागेपर्यंत, आणि दोरी ओढली.